मेंढवाडा आणि कोंडवाडा

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही २८ वर्षांच्या आहात, नागपुरातल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करता आणि तुमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. पुण्यातून तुम्हांला अधिक चांगल्या नोकरीचे बोलावणे आले आहे; परंतु वडिलांचे आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की अविवाहित मुलीने आईवडिलांचे छत्र सोडून परगावी एकटीने राहणे म्हणजे देवाने आखून दिलेली मर्यादा ओलांडणे होय. इकडे सध्याच्या कार्यालयात वरिष्ठांनी तुम्हांला गोदामात नसलेला माल साठ्याच्या नोंदवहीत दाखवून सही करायला सांगितले, तुम्ही नकार दिला, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. ‘घरी नाही, कामावर नाही, चर्चमध्ये तर नाहीच नाही,’ असे तुम्ही लिहिता. ‘ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले हे दर रविवारी ऐकते आणि कोंडवाड्यात असल्यासारखी घरी येते. एखादे पाऊल चुकून बाहेर पडले तर देव हात काढून घेईल ही भीती वेगळीच. देवाच्या मर्यादेत स्वातंत्र्यही आहे आणि सुरक्षितताही आहे असे तुम्ही पाळक मंडळी सांगता, ते नेमके कसे, हे मला उपदेशाच्या भाषेत नको.’

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू; उपदेशाची सवय ३० वर्षांची आहे, ती एका उत्तरात सुटेल असे वचन देत नाही. सुरुवात मात्र तुमच्याच शब्दापासून करतो, कारण तो मला फार उपयोगाचा वाटला. माझे बालपण उमरेड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले आणि आमच्या गावात कोंडवाडा होता. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ सालचा, इंग्रजांनी केलेला; त्याच्या आधाराने गावोगाव असे वाडे उभे राहिले. कोणाची गाय दुसऱ्याच्या तुरीत शिरली की शेताचा मालक तिला हाकत आणून तिथे घालायचा, आणि गायीचा धनी दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरून तिला सोडवून नेईपर्यंत ती तिथेच उभी राहायची. त्या वाड्याला भिंती होत्या, फाटक होते, चाराही मिळत असे, आणि भिंतींपुरतेच पाहिले तर आमच्या गोठ्यात आणि त्या वाड्यात मोठासा फरक नव्हता. फरक एवढाच की तिथल्या एकाही जनावराला त्या जागेचे माणूस नावाने हाक मारत नसे, आणि तिथले फाटक चरायला नेण्यासाठी कधी उघडत नसे.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. तिथेही आवार आहे आणि दारही आहे, पण मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि नवव्या वचनात येशू म्हणतो की मीच दार आहे. जो माझ्या द्वारे आत येईल त्याचे तारण होईल, तो आत येईल, बाहेर जाईल आणि त्याला चारा मिळेल. या वचनातले ‘बाहेर जाईल’ आपण वाचताना गिळून टाकतो. सुरक्षितता आत येण्यात आहे, स्वातंत्र्य बाहेर जाण्यात आहे, आणि दोन्ही वेळा दार तेच आहे. आमच्याकडे पीक निघाल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तेव्हा भोवती जे जाळीचे कुंपण लावतात ते इतके हलके असते की लांडग्याने मनात आणले तर ते त्याला अडवू शकणार नाही. रात्र निभते ती जाळीला लागून झोपलेल्या धनगराच्या आणि त्याच्या कुत्र्याच्या भरवशावर. देवाच्या मर्यादांविषयी मला जे सांगायचे आहे ते बहुतेक इथेच आहे: मर्यादा किती उंच आहे यापेक्षा दारात कोण उभा आहे, तो तुमचे नाव जाणतो का, आणि सकाळी तो तुम्हांला चरायला नेतो का, हे पाहावे.

‘मोकळे केले’ या शब्दांबद्दलही एक खुलासा करायला हवा. मराठीत मोकळे आणि मोकाट असे दोन शब्द आहेत आणि नागपूरच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणाऱ्याला त्यांतला फरक शिकवावा लागत नाही. मोकाट जनावराला धनी नसतो, किंवा असून नसल्यासारखा असतो. ते कुठेही जाऊ शकते आणि कशाखालीही येऊ शकते. कोंडवाड्यातून दंड भरून सोडवलेली गाय रस्त्यावर सोडून दिली जात नसे, धनी तिला दावे धरून घरी नेत असे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला असे आहे, ते मी याच चित्राने समजतो. ज्याने दंड भरला त्याच्या घरी जाणे हे सुटकेचे दुसरे पाऊल आहे, आणि प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आधी स्वातंत्र्यात टिकून राहा असे म्हणतो आणि थोड्याच ओळींनंतर त्या स्वातंत्र्याने देहवासनेला वाव देऊ नका, तर प्रीतीने एकमेकांची सेवा करा असे म्हणतो, त्यात विसंगती नाही.

तरीही तुम्ही विचाराल की मग एवढी ‘नको नको’ कशाला. पवित्र शास्त्रात या गोष्टी कोणत्या क्रमाने येतात ते पाहण्यासारखे आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत हे आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ असते, पण त्या आज्ञांच्या आधीचे वाक्य पाठ करून घेताना बहुधा गाळले जाते: ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे. आधी सुटका झाली, आज्ञा नंतर आल्या. सुटका मिळवण्याची अट म्हणून त्या दिल्या असत्या तर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास असलेले इस्राएल लोक आजही विटाच पाडत बसले असते. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते तेव्हा तिचे कारणच असे दिले आहे की तू मिसरात दास होतास. दासाला सुट्टी नसते. म्हणून या सुटलेल्या लोकांना मिळालेल्या आज्ञांमध्ये हक्काच्या विश्रांतीचा एक दिवस आहे आणि तो दासदासी, परदेशी, बैल आणि गाढव यांनाही लागू आहे. मार्चअखेरीला रविवारीसुद्धा कार्यालयात बसवून घेणाऱ्या वरिष्ठापुढे ही आज्ञा बंधनासारखी वाटते की ढालीसारखी, हे हिशेब विभागात काम करणाऱ्या माणसाने मला सांगावे.

एदेन बागेच्या गोष्टीतही हेच आहे. बागेतल्या हरएक झाडाचे फळ यथेच्छ खा, ही परवानगी आधी येते आणि एका झाडाची मनाई मागून येते. सर्पाने काय केले, तर एका झाडाची मनाई सगळ्या बागेवर पसरून विचारले: तुम्ही कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नये असे देवाने खरेच सांगितले का? आणि हव्वेने उत्तर देताना देवाने न सांगितलेली एक गोष्ट जोडली, की आम्ही त्याला स्पर्शही करू नये. एकाच संभाषणात दोन चुका झाल्या आहेत, देवाला कृपण ठरवण्याची आणि त्याच्या आज्ञेला आपले ठिगळ लावण्याची. मंडळीत इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिली चूक बहुधा दुसरीतून जन्मते. वडीलधारे स्पर्शही करू नका म्हणत राहतात, आणि मुलांना वाटू लागते की देवाने सगळी बागच बंद केली आहे.

खरी मर्यादा कशी दिसते याचे माझे आवडते उदाहरण अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातल्या आठव्या वचनात आहे, ज्यावर कोणी उपदेश केलेला मी क्वचितच ऐकला आहे. नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी तिथून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे तिथे सांगितले आहे. घरोघरी कूलर येण्यापूर्वी नागपुरात मे महिन्यात सारे घर गच्चीवर झोपत असे हे जुन्या माणसांना आठवत असेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, सतरंज्या अंथरायच्या आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा चालायच्या. ज्या घराच्या गच्चीला कठडा असे तिथे आम्ही पोरे शिवाशिवी खेळायचो. एका नातेवाइकांचे घर अर्धवट बांधून राहिले होते आणि त्याच्या गच्चीला कठडा नव्हता. तिथे आई आम्हांला मधोमध झोपवायची आणि स्वतः कडेला जागत बसायची. कठडा नसल्यामुळे आमची गच्ची मोठी झाली नव्हती, सतरंजीएवढी लहान झाली होती. आणि या आज्ञेचा रोख आणखी एक गोष्ट दाखवतो, जी आपण फार लवकर विसरतो: कठडा घरमालकाच्या स्वतःच्या पुण्यासाठी सांगितलेला नाही, त्याच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या जिवासाठी सांगितला आहे. विवाह, सत्य, दुसऱ्याची वस्तू आणि दुसऱ्याचे नाव यांविषयीच्या देवाच्या आज्ञा मी अशाच वाचतो. त्या मोडल्या तर बहुतेक वेळा पडणारा माणूस दुसराच असतो.

आता पुण्याकडे येऊ. तुमच्या वडिलांविषयी मला आदर आहे आणि त्यांची काळजी खोटी नाही, परंतु अविवाहित मुलीने परगावी नोकरी करू नये अशी आज्ञा मला पवित्र शास्त्रात सापडलेली नाही. आईबापांचा मान राख ही आज्ञा आहे, आणि ती लग्न झाल्यावर किंवा नोकरी लागल्यावर संपत नाही. पण तिचा अर्थ स्वतः येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात उघडून दाखवला आहे. तिथे काही लोक आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करून म्हाताऱ्या आईबापांना मदत नाकारत होते, आणि तुमच्या परंपरेने तुम्ही देवाचे वचन रद्द करता असे येशूने त्यांना सुनावले. प्रौढ मुलाने किंवा मुलीने आईबापांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या गरजेला उभे राहणे, त्यांच्याशी खोटे न बोलणे, त्यांना न विचारता घर न मोडणे. त्यांच्या प्रत्येक भीतीला देवाची आज्ञा मानणे हा त्याचा अर्थ होत नाही, आणि गंमत म्हणजे याच अध्यायात माणसांचे नियम देवाच्या नावाने शिकवणाऱ्यांना सर्वांत कडक शब्द ऐकावे लागले आहेत.

मर्यादा कोणती आणि रीत कोणती हे वेगळे करणे सोपे नसते, हे कबूल करतो. पण ते करता येते याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते, निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेने कारभार करणारे होते, आणि बाप्तिस्मा कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच द्यावा असे मानणारे बाप्टिस्टही होते. बालकाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावरून सोळाव्या शतकात युरोपात माणसांना बुडवून आणि जाळून मारले गेले होते. इथे मात्र दोन्ही पद्धतींना एका मंडळीत जागा देण्यात आली. त्यासाठी वर्षानुवर्षे बैठका झाल्या, आणि प्रत्येकाला आपली एखादी जिव्हाळ्याची सवय देवाच्या आज्ञेच्या यादीतून काढून घराण्याच्या रीतीच्या यादीत घालावी लागली. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव), ख्रिस्ताचे प्रभुत्व, शास्त्राचा अधिकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार यांवर कोणी तडजोड केली नाही. ज्या गावात एवढे मोठे वर्गीकरण झाले, तिथे एका मुलीच्या नोकरीचा प्रश्न कोणत्या यादीत बसतो हे ठरवायला आपल्याला अडचण पडू नये.

मी हे इतक्या ठामपणे का लिहितो, यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. पाळक म्हणून माझी सुरुवातीची वर्षे होती. एक बाई दोन लहान मुलांना घेऊन आमच्या दारी आली. नवरा दारू पिऊन मारत असे. मी तिला विवाहाच्या पवित्र मर्यादेविषयी सांगितले, प्रार्थना केली आणि तिला परत घरी पोहोचवून आलो. त्या वेळी मला फार समाधान वाटले होते, हे लिहायला आज लाज वाटते. पुढच्या पावसाळ्यात ती आली तेव्हा तिचा हात मोडलेला होता. विवाहाची मर्यादा त्या नवऱ्याने मोडली होती आणि मी राखण मात्र तिच्यावर बसवली होती. मी त्या बाईच्या कोंडवाड्याला बाहेरून कडी लावून आलो होतो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढरांवर बळजबरीने आणि कठोरपणे सत्ता चालवणाऱ्या मेंढपाळांना देव म्हणतो की आता मी स्वतःच माझी मेंढरे शोधीन, तो अध्याय मला त्यानंतर कित्येक वर्षे मोठ्याने वाचवला नाही. आज असे कोणी आले तर मी आधी डॉक्टरकडे आणि मग पोलिसांकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे सोबत जातो. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे आणि त्याखाली दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा व निवासाचा आदेश मागता येतो. हे तुमच्या प्रश्नाच्या कक्षेबाहेरचे वाटेल, पण देवाच्या मर्यादेत राहा हे वाक्य जो उच्चारतो त्याने ते कोणाला आणि कोणाच्या सोयीसाठी ऐकवले जात आहे हे तपासलेच पाहिजे, आणि त्यातून मी सुटलेलो नाही.

नोंदवहीची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि तुम्ही ती पुण्याच्या गोष्टीबरोबर एकाच दमात लिहिलीत तेव्हा मला वाटले की तुमच्या गुदमरण्याचे अर्धे कारण तिथेच आहे. दोन्हीकडे ‘नाही’ आहे, पण घरचे ‘नाही’ तुम्हांला ऐकवले गेले आणि कार्यालयातले ‘नाही’ तुम्ही स्वतः उच्चारलेत. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तराजू, खरी वजने आणि खरी मापे ठेवा अशी आज्ञा आहे, आणि तिच्या लगेच पुढे तेच वाक्य आले आहे, की तुम्हांला मिसर देशातून बाहेर काढणारा मी परमेश्वर आहे. मापातल्या प्रामाणिकपणाचा मिसरातून सुटण्याशी काय संबंध, असे मला तरुणपणी वाटे. आता समजते. मिसरात विटांचा आकडा मुकादम ठरवी, आणि कमी पडला की मार खावा लागे. खोट्या आकड्यावर सही करणारा माणूस त्या दिवसापासून एका नव्या मुकादमाच्या हाताखाली जातो. कोणत्या महिन्यात कोणता माल दाखवला हे त्याला लक्षात ठेवावे लागते, लेखापरीक्षक आले की पोटात गोळा येतो, आणि ज्याने सही करायला लावली त्याच्याकडे त्याची सही कायमची गहाण पडते. करिंथकरांस लिहिताना पौलाने सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, असे म्हटले आहे. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्याचे तुम्ही त्या दिवशी पालन केलेत. शेजारची खुर्ची रिकामी आहे हे दुःख खरे आहे आणि ते मी लहान करत नाही. पण कार्यालयात कोणतीही फाइल कोणीही कोणत्याही दिवशी उघडली तरी ज्यांना दचकावे लागणार नाही अशी माणसे थोडी असतात, आणि त्यांत तुम्ही आहात.

यातली व्यवहाराची बाजू तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक कळते, तरी एवढे सुचवतो की तोंडी नकारावर थांबू नका. साठ्याची प्रत्यक्ष मोजणी आणि नोंद यांत फरक दिसतो, म्हणून मी सही करू शकत नाही, अशा दोन ओळी ईमेलने सौम्य भाषेत कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. कोणावर आरोप करू नका, आणि कंपनीचे कागद घरी आणू नका. नवी नोकरी हातात आहे म्हणून हे न करता निघून जाण्याचा मोह होईल, पण ते पत्र पाठवून मगच राजीनामा द्यावा असे माझे मत आहे, कारण तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला त्या दोन ओळींचा आधार मिळू शकतो.

आता सुरक्षिततेविषयी, जिच्याबद्दल आम्ही पाळक लोक नको इतके स्वस्त बोलतो. देवाच्या मर्यादेत राहणाऱ्याला अपघात होत नाही, आजार येत नाही, नोकरी जात नाही, असे मी कधी म्हटले असेल तर ते मागे घेतो. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांना ठाऊक आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले, शाळा काढल्या, गोंडांची भाषा आणि गाणी टिपली, या भागातले खडक अभ्यासले, आणि १८६३ साली टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये या शहरात ज्यांनी खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी दारोदार फिरून माणसे गमावली, त्यांत माझ्या ओळखीची अत्यंत देवभीरू कुटुंबे होती. आज्ञापालन हा विम्याचा हप्ता आहे असे ज्यांना शिकवले गेले होते, त्यांचा विश्वास त्या महिन्यात मोडला, आणि दोष त्यांचा नव्हता, शिकवणाऱ्यांचा होता.

मग सुरक्षितता कशात आहे? गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात सहा आश्रयनगरे सांगितली आहेत, तीन यार्देन नदीच्या पलीकडे आणि तीन कनान देशात. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला असेल त्याने तिथे पळून जावे. नगराच्या सीमेच्या आत तो असेपर्यंत सूड घेणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही, आणि मुख्य याजकाच्या, म्हणजे मुख्य पुरोहिताच्या, मृत्यूनंतर त्याने मोकळेपणी आपल्या घरी परतावे. ही नगरे चुकलेल्या माणसांसाठी होती, ज्यांच्या हातून काहीच घडले नाही त्यांना त्यांची गरज नव्हती. तुम्हांला जी भीती वाटते, की एक पाऊल चुकले तर देव हात काढून घेईल, तिला माझे उत्तर हे आहे. देवाने आखलेल्या या सीमेच्या आत शिरण्याचा हक्कच मुळी चुकलेल्याला होता, आणि त्याची कायमची सुटका याजकाच्या मरणाने होत असे. इब्रीकरांस पत्र लिहिणारा आपल्याला आश्रयासाठी धावलेले लोक म्हणतो आणि लगेच येशूला मुख्य याजक म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ही नगरे असावीत असे मला वाटते. एका फरकासह: आपला याजक मेला आणि पुन्हा उठलाही, म्हणून आपल्याला घरीही जाता येते आणि आश्रयही सोडावा लागत नाही.

एवढे सगळे पटले तरी गुदमरणे थांबेल असे नाही, कारण माणूस खऱ्या मेंढवाड्यात राहूनही कोंडवाड्यात असल्यासारखा जगू शकतो. लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा पाहा; घर सोडून गेलेला धाकटा भाऊ परत आला म्हणून बापाने मेजवानी दिली आहे. त्याने कधी घर सोडले नाही, आज्ञा मोडली नाही, तो संध्याकाळी शेतातून परत येतो आणि वाद्ये ऐकून अंगणातच थांबतो. बापाला तो म्हणतो की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करत आहे, आणि मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला एक करडूही दिले नाही. चाकरी हा शब्द त्याने स्वतः निवडला आहे, बापाने कधी वापरलेला नाही. बाप म्हणतो की माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे, म्हणजे करडेही त्याचीच होती; त्याने मागितले नव्हते, कारण मागता येते हे त्याला ठाऊकच नव्हते. आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, मला हा थोरला भाऊ फार दिसतो. सगळे नियम पाळले जातात आणि एकही करडू कधी मागितले जात नाही. तुम्ही देवाजवळ पुण्याची नोकरी मागितली आहे का, की परवानगी नसेलच असे गृहीत धरून केवळ अपराधी वाटून घेतले आहे? रोमकरांस आठव्या अध्यायात पौल म्हणतो की पुन्हा भीती बाळगावी असा दास्याचा आत्मा आपल्याला मिळालेला नाही, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो असा दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. दत्तक मूल घराचे नियम शिकते, पण त्याचा घरातला हक्क नियम शिकून होण्याची वाट पाहत नाही.

वडिलांशी बोलताना यातली वचने त्यांच्यापुढे फेकू नका. त्यांना कशाची भीती वाटते ते आधी विचारा. बहुधा पुणे हा त्यांचा विषय नसेल, तुम्ही गेल्यावर रात्री घराचे दार लावताना जे रिकामे वाटेल ते असेल. कोणाबरोबर राहणार, घरभाडे किती, रात्री कामावरून कशी परतणार, दर महिन्याला घरी किती पाठवणार, हे कागदावर लिहून दाखवा. पुण्यात स्वतःसाठी कोणते कठडे बांधणार हेही त्यात लिहा, कारण तिथे ते बांधणारे दुसरे कोणी नसेल: आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, उधारीची मर्यादा, आणि जिच्यापासून काही लपवायचे नाही अशी एखादी वडीलधारी बाई. दोन महिन्यांनी त्यांचा होकार आला तर उत्तम, आला नाही तर तेव्हा निर्णय तुमचा, आणि तो घेतल्याने तुम्ही देवाच्या आवाराबाहेर पडणार नाही.

जाण्यापूर्वी मंडळीच्या कार्यालयातून सभासदत्वाचे पत्र मागून घ्या, म्हणजे तिथल्या मंडळीत पहिल्याच महिन्यात नाव नोंदवता येईल. ते मागायला वडिलांना सोबत न्या. अर्जावर सही तुमची राहील, पण पुण्यातल्या कोणत्या मंडळीच्या नावाने पत्र द्यायचे, ही चौकशी पाळकांकडे त्यांना करू द्या.